रिकामा डबा

आमच्या घरात आईचा एकही धड फोटो नव्हता. बाबांचं सगळं आयुष्य लोकांचे फोटो काढण्यात गेलं, तरी नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे इतका होता, की शेजारीपाजारी वाटला असता तरी उरला असता.

तसं पाहिलं तर कॅमेऱ्यासमोर आईइतकं कोणीच बसलेलं नाही. बाबांचा स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मोठी खिडकी, एक राखाडी पडदा, एक स्टूल. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी आई त्या स्टुलावर बसायची आणि बाबा तिच्यावर उजेड बघायचे. त्यांच्या कॅमेऱ्याला मागच्या बाजूने फिल्मचा डबा लागायचा. डबे दोन होते, एक भरलेला आणि एक रिकामा. आईसाठी रिकामा. "रिकामा आहे गं," असं म्हणून ते खटका दाबायचे आणि आई उठून कामाला लागायची. फिल्म काय झाडाला लागते?

गिऱ्हाइकांनाही सुरुवातीला रिकामाच डबा मिळायचा, पण बाबा त्यांना ते कळू द्यायचे नाहीत. माणूस ताठ बसला की बाबा दोनचार खटके मारून "वा, झाला!" म्हणायचे. त्याचे खांदे खाली आले की डबा बदलायचे आणि म्हणायचे, "हा आपला उगीच एक जादा." तोच खरा फोटो. म्हणजे बाबा गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचे आणि आईशी खरं. याचा त्यांना फार अभिमान होता.

पुढे फिल्म मिळेनाशी झाली. फिल्म धुऊन देणाऱ्याने दुकान बंद करून चष्मे विकायला घेतले. बाबांनी कॅमेऱ्यावर चादर टाकली आणि स्वतः शेजारी बसून राहिले, जणू कॅमेऱ्याला ताप आलाय.

अशात आईच्या कानाखाली गाठ निघाली.

"जिवाला धोका नाही," सर्जनबाई म्हणाल्या, "पण चेहऱ्याची नस त्या गाठीतूनच जाते. डावी बाजू पूर्वीसारखी हलेल असं मी सांगणार नाही."

"हसताना?" आईने विचारलं.

"हसताना जास्त कळेल."

आम्ही घरी आलो. दारात चप्पल काढता काढता आई बाबांना म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी माझा एक फोटो काढा. हसरा. तुमच्या कॅमेऱ्यावर."

"आई, मोबाइलवर काढते की मी," मी म्हटलं.

"मोबाइलवर तू गॅसच्या मीटरचाही फोटो काढतेस."

मी विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकायचं काम करते. समोरचं माणूस कधी हटणार नाही, हे मला पहिल्या वाक्यात कळतं. मी तशीच वळले आणि खटपट्याकडे गेले.

खटपट्या म्हणजे कॅमेरे दुरुस्त करणारा, बाबांचा जुना मित्र. सगळं ऐकून त्याने खालच्या खणातून एक काळी, जाडजूड वस्तू काढली. डिजिटल पाठ. फिल्मच्या डब्याच्या जागी हीच लावायची, मग जुना कॅमेरा फिल्मशिवाय फोटो काढतो.

"कंपनीने बनवणं केव्हाच बंद केलंय," तो म्हणाला. "बिघडली तर माझ्याकडे आणू नकोस. आपण दोघं मिळून रडत बसू."

"चालते ना पण?"

"मनात आलं तर. आणि ही वायर विसरायची नाही. लेन्सपासून पाठीपर्यंत. खटका दाबला की वायर पाठीला उठवते. वायर नसेल तर बाईसाहेब ढिम्म झोपून राहतात."

घरी आणून लावली तर बॅटरीसकट ती कॅमेऱ्यालाच मागे ओढायला लागली. नाकापेक्षा मोती जड. बाबांनी ती काढून कलिंगडासारखी टिचकी मारून पाहिली.

"ही धुवायची कुठे?"

"धुवायची नाही, बाबा."

"मग फोटो कसा येणार?"

"येतो."

"कोणाला विचारून?"

ऑपरेशन मंगळवारी होतं. रविवारी सकाळी आई ठेवणीतले कपडे घालून स्टुलावर बसली. बाबांनी हाताच्या सवयीने आधी वायर उपसली. "रिकामा आहे गं." खटका दाबला. आई मान किंचित कलती करून बसली होती, आणि हसत होती. मी बाजूला उभी होते. माझी आई इतकी सुंदर दिसते हे मला त्या दिवशी कळलं.

मग बाबांनी वायर लावली. "आता भरलेला."

आणि आईचा पुतळा झाला.

पहिल्या फोटोत तिला कपाळच नव्हतं. फिल्मपेक्षा या पाठीतला फोटो टिपणारा तुकडा लहान, आणि बाबांनी जुन्या अंदाजाने चौकट धरलेली. त्यांनी कॅमेऱ्यात वरून बघायच्या काचेवर पेन्सिलीने रेघा मारल्या, पुटपुटत. दुसऱ्या फोटोत कपाळ आलं, पण त्याखाली चोरीच्या खटल्यात नाव पुकारलेल्या बाईचा चेहरा होता. तिसऱ्यात तीच बाई गुन्हा कबूल करत होती. बाबा वायर काढून "रिकामा, जरा सैल हो" म्हणाले की आई फुलायची. वायर लावली की दगड. "हा आपला उगीच एक जादा" वगैरे तिच्यापुढे चालणारच नव्हतं. ती युक्ती तिने पडद्याआडून जन्मभर पाहिली होती.

बॅटरी संपली तेव्हा आई स्टुलावरून उतरली. "राहू द्या. माझा चेहराच फोटोचा नाही," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पटल्यासारखी बोलली. मला रडू येत होतं, म्हणून मी बॅटरीला शिव्या घातल्या.

बाबा कॅमेऱ्याची पाठ पुसत बसले होते. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"उद्या खोटं बोला."

"कोणाशी?"

"आईशी."

"मी तिच्याशी कधी खोटं बोललेलो नाही."

"म्हणूनच खपेल."

सोमवारी सकाळी आम्ही वायर आईला दिसणार नाही अशी कॅमेऱ्याच्या पलीकडच्या बाजूने नेली आणि काळ्या चिकटपट्टीने दाबली. पाठ उठताना करते तो आवाज कुठून बंद होतो ते मी शोधून काढलं होतं. बाबांनी स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, जरा ये. फोटो नको. नुसता उजेड बघतो, करमत नाहीये."

आई घरातल्या कपड्यांत, ओले हात पुसत आली. "मला ढीगभर कामं पडलीयेत," म्हणत बसली.

"रिकामा आहे गं," बाबा म्हणाले. गिऱ्हाइकांशी ज्या माणसाने इतकं सफाईदार खोटं बोलून संसार चालवला, त्याचा आवाज इथे चिरकला. पण त्यांनी मान खाली घालून काचेत बघितलं आणि ताकास तूर लागू दिली नाही.

"रिकामा कॅमेरा घेऊन जन्म काढलात," आई म्हणाली आणि हसली. बाबांनी खटका दाबला.

फोटो कॉम्प्युटरवर घेतला तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली. आता फसवल्याबद्दल ऐकून घ्यायचं म्हणून मी तयारीत होते. ती स्क्रीनजवळ वाकली. फोटोतली बाई कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती. कॅमेऱ्यावर वाकलेल्या बाबांच्या टकलाकडे बघून हसत होती.

"मी रोज अशी बसायचे?" तिने बाबांना विचारलं.

"हो."

"आणि हे तुम्हाला दिसायचं?"

"समोरच असायचं."

"आणि एकदाही भरलेला डबा लावला नाहीत."

बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच धरून ठेवला. "मला वाटायचं, तू काय, रोजच बसणार आहेस."

आई आत जाऊन दवाखान्याची पिशवी भरायला लागली. मला त्या क्षणी बाबांचा मनस्वी राग आला, आणि त्यांची दयाही आली. दोन्ही एकदम येतात तेव्हा काय करायचं हे विमा कंपनीत शिकवत नाहीत.

ऑपरेशन झालं. गाठ साधीच निघाली. तोंडाची डावी बाजू मात्र खाली राहिली. सर्जनबाई म्हणाल्या, सुधारेल थोडी, वाट बघू. टाके निघाल्यावर आई ओढणीचं टोक गालावर धरून घरात वावरायला लागली. आरसा आला की मान वळवायची. तो फोटो मी फ्रेम करून आणला होता, पण भिंतीला लावायचं धाडस आमच्यात कोणालाच होत नव्हतं.

एका सकाळी मी पुढच्या खोलीत आले तर आई स्टुलावर बसलेली. कोणी बोलावलं नव्हतं. ओढणी मांडीवर होती. बाबा दारातच थबकले. मग त्यांनी कॅमेऱ्यावरची चादर काढली, घडी केली, घडी मोडली, पुन्हा केली. डिजिटल पाठ अजून लागलेलीच होती. वायर लोंबत होती.

"उजेड बघतो जरा," ते खाली बघत म्हणाले. "रिकामा आहे गं."

आई हसली. हसू अर्धंच आलं. तिने त्या लोंबणाऱ्या वायरीकडे बोट केलं आणि तोंडाच्या एका बाजूने, सावकाश, म्हणाली,

"वायर लावा."