हजेरीतलं नाव

दिवाणाच्या पोटात खुळखुळा वाजला.

दुपारचे अडीच झाले होते. वीज गेलेली, त्यामुळे पंखा गप्प, आणि मुलगा विठू लादीवर पालथा पडून खडूने रेघोट्या ओढण्यात गुंग. हेमांगीने मोतिया साडी काढायला दिवाणात हात घातला, तर घडीत अडकून तो लाल-पिवळा खुळखुळा वर आला. एकदाच वाजला. तिने तो मुठीत घट्ट धरला.

"काय गं वाजलं?" सरूबाईंनी पडल्या पडल्याच विचारलं.

"काही नाही, आई. साडी काढतेय."

सासूबाई कुशीवर वळल्या. मग म्हणाल्या, "बारशाला निघालीस खरी. पण त्या लोकांना ठाऊक हाय का तुझं काय झालं ते?"

"नाही."

"मी काय नको नाय म्हणत. पण कोणी विचारलं तर खोटं बोलू नको, येवढंच."

हेमांगीने खुळखुळा पार तळाशी ठेवला. त्यावर दुलई, त्यावर नवऱ्याचं, दिपेशचं, जुनं स्वेटर.

जानेवारीत तिला मुलगी झाली होती आणि नवव्या दिवशी गेली. तिच्या बारशाला तीन दिवस उरले होते. नाव तिने कधीचंच ठरवलेलं, सुरंगी. रत्नागिरीकडे तिच्या माहेरच्या परसात सुरंगीचं झाड होतं, आणि लहानपणी तिने त्या फुलांचे वळेसर गुंफले होते. पण बारशाआधी नाव फोडायचं नाही, म्हणून तिने ते दिपेशलाही सांगितलं नव्हतं. "पाळण्यापाशीच ऐक," म्हणाली होती ती, मिजाशीत. पुढे दाखल्यावर नावाच्या जागी आडवी रेघ आली. दिपेशने नाव विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सगळ्या जगात ते एका तिलाच ठाऊक राहिलं.

कॉलेजात असताना तिच्या दोन कथा छापून आल्या होत्या. जानेवारीनंतर वाण्याची यादी लिहायलाही हात उचलेना. जूनमध्ये विठू बालवाडीत जायला लागला आणि तिला दहा ते साडेअकरा असा दीड तास मोकळा मिळाला. इमारतीच्या तळमजल्यावर हंसाबेनचं सायबर कॅफे होतं. दिपेशचा बायोडेटा टाइप करायला म्हणून ती गेली, आणि तिथे तिला 'पाटी' नावाची मराठी साइट सापडली. लिहिणारी माणसं तिथे जमायची आणि एकमेकांना लिहितं ठेवायची. सभासद होण्याच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?'

बोटांनी टाइप केलं, सुरंगी.

पाटीवर चाळीस दिवसांचा उपक्रम सुरू होता. रोज निदान दहा ओळी लिहायच्याच. चालवायचे आत्मारामकाका, अलिबागचे निवृत्त मुख्याध्यापक. सकाळी ते विषय द्यायचे आणि संध्याकाळी शाळेसारखी हजेरी लावायचे. दुसऱ्या दिवशी हेमांगीने पान उघडलं. यादीत सातव्या नंबरला होतं, 'सुरंगी – हजर.'

ती बघतच राहिली.

"शुं थयुं?" हंसाबेनने काउंटरवरून विचारलं. "हँग हो गया क्या?"

"नहीं हंसाबेन. ठीक है."

त्यानंतर ती रोज जायला लागली. लिहायची कशावरही. लिफ्टच्या बंद पडण्यावर, आजीच्या कुळथाच्या पिठीवर, विठूच्या हरवलेल्या चपलेवर. बाळावर मात्र एक ओळ नाही. पण लिहिलं की हाक यायची. "सुरंगी, आज नऊच ओळी? छडी काढू का?" "सुरंगी, तुमच्या आजीला आमच्याकडे पाठवा." जी हाक एकदाही मारली गेली नव्हती, ती पंचवीस-तीस अनोळखी माणसं रोज मारत होती. अंगात ताप असताना ती दहा ओळी लिहून आली, कारण गैरहजर हा शब्द तिला त्या नावापुढे बघवला नसता.

उपक्रमात प्रत्येकाला एक जोडीदार असायचा. एकाने दांडी मारली की दुसऱ्याने मिस्ड कॉल द्यायचा. हेमांगीची जोडीदार होती भाईंदर पूर्वेची संजना. आठवा महिना, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर पडल्या पडल्या लिहायची. मिस्ड कॉलवरून दोघींचं बोलणं सुरू झालं. संजना अखंड बोलायची, हेमांगी ऐकायची. विठूबद्दल सांगायची, बाकी काही नाही. पोटुशी बाईला असलं काय सांगायचं!

सव्विसाव्या दिवशी संजनाचा फोन आला.

"सुरंगीताई, मुलगी झाली! आणि नावही ठरलं. तुमचंच!"

हेमांगी भांडी घासत होती. हाताला साबण तसाच राहिला.

"आमचे हे म्हणतात, हिंदीतल्या 'सुरंग'सारखं, बोगद्यासारखं वाटतं. म्हटलं, वाटू दे. अहो, रोज हजेरीत वाचून वाचून तोंडात बसलंय माझ्या. आणि ह्यांना बहीण नाही, तेव्हा कानात तुम्हीच सांगायचं. आत्या तुम्ही!"

"संजना, अगं, ते नाव..."

"तुमचं खरं नाव हेमांगी, ठाऊक आहे मला. म्हणून तर घेतलं. कुणा माणसाचं असतं तर आधी विचारलं असतं. टोपणनाव काय, कुणाचंच नसतं ते. नाही का?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पलीकडे बाळ रडलं, कोवळं, अडखळत, आणि हेमांगीच्या तोंडून निघून गेलं, "घे ना."

मग ती पाटीवर गेलीच नाही. 'सुरंगी – गैरहजर. आत्मारामकाका रुसलेत हं.' असं आलं असेल, तिने पाहिलं नाही. दिवसभर एकच घोळायचं डोक्यात. बारशाला जाऊन संजनाला बाजूला घेऊन सांगायचं. माझ्या मुलीकडे दुसरं काही नाही गं. तेवढं ठेव. तू दुसरं कुठलंही नाव घे. वाक्यं तिने पाठ करून ठेवली होती.

विठूला घेऊन ती पोचली तेव्हा भाईंदरच्या त्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. घुगऱ्यांचा वास, बायकांचा गलका. आणि पाळण्यावर थर्मोकोलची चमकी लावलेली अक्षरं, सुरंगी. हेमांगीने ते नाव एवढं मोठं कधी पाहिलं नव्हतं.

"आल्या, आल्या आत्याबाई!" संजना ओरडली. चेहरा ओढलेला, पण हसू मावत नव्हतं. तिने हेमांगीचा हात धरून कुजबुजत म्हटलं, "ती अक्षरं मी कापलीत. रात्री ही रडायची, मी कापायचे. तुम्ही नसता ना, तर झोपून झोपून वेडी झाले असते मी."

पाठ केलेली वाक्यं जिथे होती तिथेच राहिली.

बायका पाळण्याभोवती जमल्या. हेमांगी वाकली. तिच्या मागे चार-पाच जणी पाठीवर थापा मारायला टपलेल्या. बाळाच्या कानावर बारीक लव होती, तेलाचा वास येत होता. तिने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

"अहो आत्याबाई, नाव विसरलात की काय?" कोणीतरी म्हटलं. खसखस पिकली.

ती आणखी वाकली. तिच्या ओठांना बाळाचा कान लागला. "हे आधी एकीचं आहे," ती इतक्या हळू म्हणाली की तिचं तिलाही ऐकू आलं नाही. "जपून वापर हं, बाळा." मग मोठ्याने, "कुर्रर्र! सुरंगी!"

पाठीवर धपाधप थापा पडल्या. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेचना.

"मेल्यांनो, हळू!" संजनाची आई म्हणाली. "पोरीला रडवलंत की. एवढं लागलं का गं?"

"लागलं," हेमांगी म्हणाली.

परतीच्या रिक्षात विठू मांडीवर घुगऱ्यांची पुडी घेऊन बसला होता. एकेक दाणा सोलून खात होता. त्याने जानेवारीत बाळाच्या पायाला बोट लावलं होतं, एकदाच. त्यानंतर बाळाचं नावही काढलं नव्हतं त्याने, घरात कोणी काढत नाही म्हणून. गोल्डन नेस्टच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"आई, तू त्या बाळाच्या कानात का सांगितलंस?"

"नाव सांगायचं असतं. म्हणजे त्याला हाक मारली की कळतं."

विठूने दाणा तोंडात टाकला. चावता चावता थांबला.

"मग आपल्या बाळाला हाक मारली, तर त्याला कसं कळणार?"