चार मिनिटांची लाइन

"तुटली पुन्हा!" एक्स्चेंजच्या खिडकीतून झुंदुई-मावशी ओरडली. "याडाम-ग्वाई, तुमचं यंत्र माझ्या तारा चावून खातंय की काय?"

'ग्वाई' हे आमच्याकडचं 'राव'. याडाम म्हणजे माझे बाबा; ते नुकतेच तारांच्या खांबावरून उतरून आले होते. जिल्ह्याच्या इस्पितळातून लांबलांबच्या दवाखान्यांपर्यंत ई-मेल त्यांनीच बसवला होता. दर दोन तासांनी यंत्र आपोआप फोन लावायचं. लाइन चार मिनिटं टिकली तरी नशीब. बोलायला जावं तर नुसती खरखर. अक्षरं मात्र पोचायची. पत्रं रांगेत थांबत. पुढचं गेल्याशिवाय मागचं हलत नसे.

त्या दिवशी रांगेत पहिला माझा फोटो होता. शाळेच्या पहिल्या दिवशीचा, केसांत मोठ्या पांढऱ्या रिबिनी. माझी आई, सेवजिद, दोनशे किलोमीटरवर बोर-तोल्गोईच्या दवाखान्यात नर्स होती. "आजच्या आज पाठवा," म्हणून मीच पाय आपटले होते.

इस्पितळाच्या डॉक्टर खांड यंत्राच्या खोलीत आल्या. "याडाम, सेवजिदचं उत्तर आलं?"

"कशाचं?"

"अरे, तू खांबावर होतास तेव्हा मीच टाइप केलं, दहा वाजता. तिच्याकडच्या त्या तापाच्या मेंढपाळाला प्लेग आहे. बिळातलं मार्मोट मारून सोललं होतं त्यानं, त्याच्या पिसवांतूनच आला. तोंड बांधल्याशिवाय जवळ जाऊ नकोस, स्वतः गोळ्या सुरू कर, असं कळवलंय."

बाबांनी रांग उघडली. फोटोला अकरा मिनिटं लागणार होती. लाइन तुटली की यंत्र तो पहिल्यापासून पाठवायचं. नऊला तेच झालं. अकराला तेच. आत्ता एकलाही. डॉक्टरांच्या चार ओळी मागे तशाच.

"फोटो मीच घातला," बाबा म्हणाले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पुढेही कधी घेतलं नाही.

त्यांनी फोटो काढून टाकला. "झुंदुई, लाइन दे. हात जोडतो तुला."

"सैन्याची तोडून देते. नोकरी गेली तर जेवायला तुमच्याकडेच येईन हं," मावशी म्हणाली.

चार ओळी गेल्या. मी टेबलाखाली बसून दातांनी बाही धरून ठेवली होती.

तीन वाजता उत्तर आलं. "मिळालं. सकाळपासून त्याला मीच पाणी पाजत होते. तो आत्ताच गेला. गोळ्या घेतल्या. पोरीला इकडे आणू नका."

साथ पसरू नये म्हणून रस्ते बंद झाले. पाचव्या दिवशी आई गेली.

बाबा मला घेऊन नाक्यापर्यंत गेले. दोरीपलीकडे शिपाई सोडत नव्हते. बाबांनी टोपी सारखी केली, डगल्याचं गळ्याशी असलेलं बटण लावलं आणि थर्मासच्या झाकणात दुधाचा चहा ओतला. आमच्याकडे सकाळचा पहिला चहा आकाशाला शिंपडते ती घरची बाई. बाबांनी तो कधीच शिंपडला नव्हता. पहिल्या खेपेला निम्मा चहा बाहीवरच सांडला.

त्यांनी बाही पुसली, झाकण पुन्हा काठोकाठ भरलं आणि बोर-तोल्गोईच्या दिशेनं सावकाश, नीट चहा शिंपडला.