राहीबाईंच्या बियाण्याचा भोपळा

मी एक वाळका भोपळा बोलतोय. राहीबाईंच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या वर, आढ्याला शिंक्यात टांगलेला. परीक्षेत मुलाला मिळालेल्या शून्याला तुम्ही माझं नाव देता, हे मला ठाऊक आहे. त्याचा राग नाही. आतून पोकळ असणं हाच तर माझा धंदा. पण एकदा माझ्या पोटात जे झालं ते मला वेळेवर सांगता आलं नाही, आणि त्यापायी दोन बायकांचं बारा वर्षांचं मैत्र तुटलं. ते तरी आता सांगून टाकतो.

आष्ट्यापासून कोसभर अंतरावर, राहीबाईंच्या परसात माझा जन्म झाला. न्हाणीचं सांडपाणी जिथं जात होतं तिथं त्यांनी वाफे केले होते. घेवडा, मिरची, आळू, कडेला वांगी. माझा वेल गोठ्याच्या छपरावर चढला होता. माझी भावंडं एकेक करून हरभऱ्याच्या डाळीबरोबर शिजली. मी पहिल्या बहराचा, म्हणून माझ्या देठाला राहीबाईंनी तांबडी चिंधी बांधली आणि सगळ्यांना बजावलं, "ह्येला कुनी हात लावायचा न्हाई. ह्यो ठेवनीतला."

मी छपरावरच वाळलो. हलवलं की खुळखुळायला लागलो. मग त्यांनी माझ्या मानेला भोक पाडलं, आतला गर पाण्यात कुजवून काढला, धुराला टांगून मला टणक केलं, आणि माझ्यात वांग्याचं बी राखेत कालवून भरलं. वर मक्याच्या कणसाचं बूच, बुचावर शेणामातीचा लेप.

ते बी साधं नव्हतं. राहीबाईंचं माहेर लोणंदचं. लग्नात त्यांच्या आईनं ते त्यांच्या ओटीत बांधून दिलं होतं. पुढच्याच साली आई गेली. दरवर्षी मृगात राहीबाई वाफ्यात बी फोकायच्या, दरवर्षी चार वांगी झाडावर पिकवून नवं बी माझ्या पोटात ठेवायच्या. वांगी लहान, काटेरी, पांढऱ्या रेघांची. राहीबाई म्हणत, "आईच्या हातचं आता एवढंच उरलंय."

कुंपणापलीकडे अख्तरबी राहत. त्यांचे यजमान वजीर मणेर गावोगावच्या बाजारात बांगड्या भरायला जात. दोन्ही परसांमध्ये शेराचं कुंपण होतं, आणि त्या कुंपणाला बरोबर एक बाई तिरकी होऊन जाईल एवढी वाट पडली होती. ती कुणी पाडली नव्हती. या दोघींच्या जाण्यायेण्यानं पडली होती. घरचा कुत्रा खंड्या सकाळी आमच्या दारात भाकरी खायचा आणि दुपारी त्याच वाटेनं अख्तरबींच्या दारात जाऊन झोपायचा.

"राहे, तुझ्या वांग्यात काय हाय गं?" अख्तरबी विचारत. "माझ्या हातची भाजी खाऊन ह्ये म्हनत्यात, बरी झालीया, पर राहीबाईला बोलीव करायला."

"मग तुजं काम काय?"

"माझं? माझं काम खायाचं."

आणि दोघी पदर तोंडाला लावून हसत. मी वरून ऐकत असे. इतकं मोकळं हसणं मी पुन्हा त्या घरात ऐकलं नाही.

त्रेचाळीस सालचा उन्हाळा. राहीबाईंचे यजमान सयाजी पलटणीत होते. लढाई चालू असताना त्यांना महिन्याची रजा मिळाली. नेमकं त्याच वेळी लोणंदला राहीबाईंच्या चुलतभावाचं लग्न निघालं. दुभती म्हैस सोडून सगळ्यांना जाता येईना. शेवटी राहीबाई एकट्याच निघाल्या. बैलगाडी, मग नदीवर नाव, मग भिलवडी स्टेशनावरून आगगाडी.

निघताना त्यांनी कुंपणातून हाक मारली. "अख्तर, परसाला पानी दे गं. आन् भोपळ्यातलं चिमूटभर बी काढून घे तुला. औंदा तुज्या दारात बी हू दे माझी वांगी."

त्याच दिवशी अख्तरबी आल्या. हात धुतले, पुसले, 'बिस्मिल्ला' म्हणून बूच काढलं, चिमूटभर बी पदराच्या गाठीत बांधलं आणि मला पुन्हा नीट लिंपून ठेवलं. त्या हातांचा मी साक्षी आहे. इतके निगुतीचे हात मी थोडेच पाहिले.

दुसऱ्या दिवशी सयाजींनी मला खाली काढलं.

त्यांची मुलगी विजयमाला दहा वर्षांची. तिला विहिरीत पोहायला शिकायचं होतं. राहीबाईंनी कधी होकार दिला नव्हता. 'पोरीच्या जातीनं विहिरीत उड्या मारायच्या?' असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा बांधतात, आणि घरात वाळका भोपळा मी एकटाच.

"आबा, त्यात आईचं बी हाय," माला म्हणाली.

"मग काय खातोय का मी? काढून ठिवू, पुन्यांदा भरू. पलटनीतली कोकनातली पोरं माशावानी पवत्यात, आन् आमी घाटावरली मानसं पानी बघून घामाघूम. माझी लेक न्हाई तसली." मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या हातनं काय तरी शीक, बाय. पुन्ना कवा येनं हुतंय कुनाला ठावं."

त्यांनी बी आणि राख धोतराच्या फडक्यावर ओतली, बुचाला चिंधी गुंडाळली, वर मेण लावलं आणि मला मालाच्या पाठीला बांधलं.

खरं सांगतो, ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे. जन्मभर धुरात टांगलेला मी. मला पाणी ठाऊक नव्हतं. माला किंचाळायची, हातपाय झाडायची आणि मी तिला वर धरून ठेवायचो. काठावरून सयाजी ओरडायचे, "मार हात! मार! भोपळा बुडू द्यायचा न्हाई तुला!" आणि खंड्या विहिरीभोवती भुंकत फिरायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चार हात माझ्याशिवाय पोहली.

पण बुचाच्या कडेनं थेंब थेंब पाणी माझ्या पोटात गेलं होतं. वाळका भोपळा बाहेरून लवकर सुकतो. आतून त्याला आठ दिवसांचं ऊन लागतं. राहीबाई उद्या यायच्या म्हणून सयाजींनी मला तासभर उन्हात पालथं घातलं, बी आणि राख परत भरली, लिंपलं आणि टांगलं. मग मालाला म्हणाले, "आईला सांगायचं न्हाई. मला बोलंल ती. घे शप्पत."

"आईच्या गळ्याची शप्पत," माला म्हणाली.

सयाजी रजा संपवून गेले. मी आढ्याला लटकलो आणि माझ्या पोटात, अंधारात, ओल्या राखेत बी कुजायला लागलं. मला कळत होतं. मला तोंड होतं, पण ते लिंपलेलं होतं.

मृग लागला. राहीबाईंनी बूच काढलं. आत बोटं घातली तर राखेचा आंबूस गोळा हाती आला. त्यांनी तो फोडला, चोळला, पाण्यात टाकून पाहिला. एक दाणा धड निघाला नाही. त्या चुलीपुढं बसून राहिल्या. आई दुसऱ्यांदा गेल्यासारख्या.

आणि कुंपणापलीकडे अख्तरबींनी आधीच टाकलेलं चिमूटभर बी तरारून उगवलं होतं.

राहीबाईंच्या चुलत सासूबाई सुलाबाई समाचाराला आल्या. त्यांनी मला नाकाशी धरलं आणि तोंड वाकडं केलं. "राखंतलं बी असं उगंच कुजतंय व्हय? विटाळशीचा हात पडलाय ह्येच्यावर. तू लोनंदला गेल्यावर कोन आलतं?"

राहीबाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. पण विचार आत शिरला तो शिरलाच.

दोन दिवसांनी अख्तरबी आल्या. ओल्या फडक्यात रोपांची जुडी होती. "तोंड पाडून काय बसलीस, राहे? तुजंच बी हाय की. चाळीस रोपं हायती, घे."

राहीबाईंनी जुडीकडे पाहिलंही नाही. "बियाला हात घातलास तवा तू कशी हुतीस?"

"कशी म्हंजी?"

"न्हालेली हुतीस का बाहेरची?"

अख्तरबींना आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "हात धुऊन घेतलं गं मी. द्येवाचं नाव घेऊन."

"तुमच्यात कुठं पाळत्यात!" राहीबाई म्हणाल्या.

'तुमच्यात' हा शब्द त्या घरात तोवर कधी उच्चारला गेला नव्हता. अख्तरबींनी जुडी उंबऱ्यावर ठेवली आणि त्या गेल्या. माला दारात सूप घेऊन उभी होती. तिचे ओठ हलले. पण शपथ आईच्या गळ्याची. मोडली तर आई मरेल, असं तिला खरोखर वाटत होतं. दहा वर्षांच्या मुलीला कोणी सांगावं की न बोलण्यानंही माणसं मरतात?

राहीबाईंनी ती जुडी उचलून कुंपणावर टाकली. दुपारपर्यंत रोपं माना टाकून वाळली. संध्याकाळी त्यांनी कुंपणाच्या वाटेत बाभळीची फांदी खोवली. खंड्यानं दुसऱ्या दिवशी तिच्याखालून उकरून वाट केली. त्याला या भांडणात रस नव्हता.

मालानं वडिलांना लिहिलेल्या कार्डाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं, 'आबा माझी शपथ सोडा.' दोन महिन्यांनी उत्तर आलं. 'अभ्यास कर. शपथा घेत जाऊ नये.' ते साफ विसरले होते.

पंचेचाळीस साली दसऱ्यानंतर वजीर मणेरांनी सांगलीत बांगड्यांचं दुकान घातलं. सामानाची गाडी आमच्या दारावरून गेली. अख्तरबी मागच्या बाजूला बसल्या होत्या, मांडीत मांजर. राहीबाई आतल्या दाराच्या फटीतून बघत होत्या. एक हाक पुरे होती. गाडी वळणावर गेली तरी त्या तिथंच उभ्या. चार दिवसांनी त्या रिकाम्या परसात कुणाची तरी म्हैस शिरली आणि वांग्याची झाडं खाऊन गेली.

सेहेचाळीस साली सयाजी धडधाकट परत आले. पहिल्याच जेवणाला त्यांनी विचारलं, "अख्तरवैनी कुठं दिसत न्हाईत?"

राहीबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. मग माला म्हणाली, "आबा, आदी माझी शप्पत सोडा."

"कसली?"

"भोपळ्याची."

"हात्तिच्या! ती व्हय?" सयाजी मोठ्यानं हसले. "सुटली, सुटली! अगं राही, तू लोनंदला गेलतीस न्हवं, तवा तुजा भोपळा बांधून हिला विहिरीत पवायला शिकीवलं मी. काय उड्या मारल्यात पोरीनं!"

राहीबाईंची भाकरी तव्यावर करपली. त्यांनी ती उलटली नाही.

"बी काढून ठिवलं हुतं की," सयाजी गोंधळून म्हणाले. "का गं? काय झालं?"

"तीन वरसं झाली," एवढंच राहीबाई बोलल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला धुतलं, चांगलं आठ दिवस उन्हात ठेवलं आणि मांडीवर घेऊन सर्व्हिस मोटारीनं सांगलीला निघाल्या. सोबत फडक्यात घेवडा आणि मिरच्या. वाटेत त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. "तिच्याकडं आसंल ते बी. तिच्याच हातानं भरून घ्यायचं."

दुकानाच्या मागं दोन खोल्या. अख्तरबी वाळल्या होत्या. राहीबाईंना दारात पाहून त्या उठल्या आणि म्हणाल्या, "या. बसा."

बारा वर्षं 'ये गं' ऐकलेल्या राहीबाई उंबऱ्यातच थबकल्या. मग आत आल्या, बसल्या. चहा आला, कपबशीत. राहीबाईंनी सगळं सांगितलं, विहीर, बूच, मालाची शपथ. "माझं चुकलं, अख्तर. लय वंगाळ बोलले मी."

"आसू द्या. व्हतंय," अख्तरबी म्हणाल्या.

"त्यातलं बी हाय का गं तुज्याकडं?"

"हितं परसू कुठलं? समदी फरशी हाय." मग फरशीकडंच बघत त्या म्हणाल्या, "निघायच्या टायमाला दोन वांगी पिकवून ठिवली हुती. म्हनलं, तुमच्या दारात ठिवून जावं. मग म्हनलं, नको. परत काय तरी निघायचं. झाडावरच सोडली."

ती म्हशीनं खाल्ली होती. हे राहीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी मला उचललं आणि पुढं केलं. "बघ, कोरडा ठक् केलाय आता." अख्तरबींनी सवयीनं दोन्ही हात पुढं केले. मग ते हात मध्येच थांबले. मागं आले. आणि अख्तरबींनी अगदी साधेपणानं विचारलं, "हात लावू न्हवं?"

त्यात टोमणा नव्हता, तेच वाईट. राहीबाईंनी मला जमिनीवर ठेवलं आणि पदरात तोंड घातलं. अख्तरबींचेही डोळे भरले. पण त्या होत्या तिथंच बसून राहिल्या. मोटारीची वेळ झाली.

तेव्हापासून मी रिकामा आहे. दुसरं बी राहीबाई माझ्यात घालत नाहीत. ते त्या कोनाड्यातल्या बरणीत ठेवतात. मृग लागला की मला खाली घेतात, पुसतात, बूच काढून आत बघतात आणि पुन्हा टांगतात. माझ्या कमरेला आता चीर गेली आहे. फार दिवस टिकेन असं नाही.

यंदा, एकोणपन्नास साली, मालाचं लग्न झालं. सांगलीला पत्रिका गेली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी मोटारवाल्याजवळ एक पुडा आला. हिरवा चुडा होता. माप कोणी कळवलं नव्हतं, तरी बांगड्या मालाच्या हातात बरोबर बसल्या. राहीबाई मात्र हळदीला, लग्नाला, पंगतीला, सारखं रस्त्याकडे बघत राहिल्या. माणूस आलं नाही.

माझं तोंड लिंपलेलं होतं, बाबांनो. तुमचं मोकळं आहे. कुणावर आळ घ्यायच्या आधी विचारा, आणि ठाऊक असेल ते वेळेत सांगून टाका. एवढंच या रिकाम्या भोपळ्याचं मागणं आहे.