रिकाम्या झाडांचा फोटो

पहिला कावळा पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी उतरला. शेंड्याची डहाळी त्याच्या भाराने चार बोटे खाली गेली, तीनदा हेलकावली, चौथ्यांदा अर्धीच हलली आणि स्थिरावली. त्याने चोच सालीवर पुसली, दोनदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग करड्या मानेची पिसे फुगवून तो पश्चिमेकडे तोंड करून बसून राहिला.

पौषातली संध्याकाळ नदीवर उतरत होती. पाणी शिशाच्या रंगाचे, आभाळ तांब्याच्या. पलीकडच्या मळ्यात उसाचा पाला पेटवलेला, त्याचा धूर थंडीने दबून पाण्यालगत पसरलेला. धूम्रवसना, मंदगामिनी नदी अंग आखडून वाहत होती.

काठावर जुन्या विश्रामगृहाच्या आवारात विलायती शिरीषाची सात झाडे होती. सात विस्तीर्ण, सात घनश्यामल, सात अबोल. ऊन कलले की ती आपली पाने मिटतात. मिटत्या पानांच्या त्या घरात, कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, पंचक्रोशीतला कावळा रात्रीपुरता येतो.

आणि त्यांना मोजायला शरयू मिठारी येते. गावच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवते. हा तिचा अकरावा हिवाळा.

आता ते येऊ लागले. आधी एकेकटे, मग तिघे-चौघे, मग ओळींमागून ओळी. कृष्णपंखी, श्रांतपंखी, दिवसभराची धूळ पंखांवर घेतलेले. उसाच्या फडांवरून, खाटकांच्या आळीवरून, शाळांच्या पत्र्यांवरून, स्मशानाच्या ओट्यावरून. शरयू बोटाने हवेत एक चौकट धरायची. एका चौकटीत दहा. दहा कावळे आभाळात केवढी जागा घेतात हे डोळ्याला एकदा शिकवायचे आणि मग ती जागा थव्यावर अंथरत जायची. दहा. दहा. दहा. हातातल्या मोजणीयंत्राची कळ प्रत्येक दहाला एकदा वाजायची. दर पाच मिनिटांनी तिपाईवरचा कॅमेरा एक फोटो घ्यायचा.

ही रीत तिला केळशीकर सरांनी शिकवली होती. याच काठावर, ती विशीत असताना. "एकेक मोजशील तर वेडी होशील. दहा ओळखायला शीक," ते म्हणाले होते, आणि तिच्या मनगटाला धरून त्यांनी तिचे बोट आभाळाकडे वळवले होते.

विश्रामगृह सांभाळणारी बायजाक्का खराटा भिंतीला टेकवून जवळ आली.

"बाई, आकडा चुकला तर कावळं येऊन तक्रार करत्यात व्हय?"

"नाही हो, अक्का."

"मग जरा वाढवून लिवा की. रोज सकाळी मी किती झाडती, ते तरी सरकारला कळंल."

शरयू हसली नाही. एरवी हसली असती. दहा. दहा. दहा.

कारण कार्तिकात तिने तो अहवाल वाचला होता. नदीकाठ सुशोभित करायचा होता. फरशी, कारंजी, गाड्या लावायला जागा, आणि त्या जागेत नेमकी ही सात झाडे. झाडांवर पाखरांची वस्ती आहे का, हे सांगायला त्या कामाच्या समितीने केळशीकर सरांना नेमले. सरांनी पानभर लिहिले आणि अहवालाच्या चौदाव्या पानावर एक फोटो लावला. सात झाडे, हिरवीगार, स्वच्छ, एकही पंख नसलेली. खाली ओळ होती: 'झाडांवर पक्ष्यांचा वास आढळला नाही.' त्याखाली बारीक अक्षरात: 'छायाचित्र: शरयू मिठारी.'

फोटो तिचाच होता. खराच होता. प्रत्येक मोजणीच्या दिवशी ती दुपारी चार वाजता रिकाम्या झाडांचा एक फोटो घेते. वाळक्या शेंगा, जुनी घरटी, फांद्यांच्या गाठी, जे जे काळे दिसते ते त्यात टिपून ठेवते, आणि संध्याकाळच्या फोटोतल्या काळ्या ठिपक्यांतून तेवढे वजा करते. चूक होऊ नये म्हणून घेतलेला फोटो. अकरा वर्षांच्या प्रामाणिकपणाचा फोटो. शिष्येने गुरूकडे विश्वासाने ठेवलेला, आणि गुरूने तोच उचलून तिच्याच पाखरांवर पांघरलेला.

दुपारी चारला कावळे नसतात, हे सरांना माहीत नव्हते असे नाही. सरांनीच तिला ते शिकवले होते.

तिचा राग भडकणारा नव्हता. तो पाऱ्यासारखा होता, काचेच्या आत, आवाज न करता, रेघेरेघेने चढणारा. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. तीनदा तिने सरांचा नंबर फिरवला आणि पहिल्या घंटेला फोन ठेवला. जी बाई कावळ्याच्या चोचीची हालचाल सेकंदात लिहिते, तिने आपल्या गप्प बसण्याचे दिवस कुठेच लिहिले नव्हते. आणि उद्या अकरा वाजता झाडतोडीवर सुनावणी होती. सुनावणीनंतर करवत.

सूर्य बुडाला. तांबे काळवंडले. थवे आता थवे राहिले नाहीत, वाहत्या काळोखाची एक नदी खालच्या नदीवरून उलट दिशेने आली आणि सात झाडांत रिती झाली. फांदी फांदी भरली. पान मिटले तिथे पंख मिटला. कलकल, कुरबूर, जागेसाठी दिलेले धक्के, दटावण्या, मग हळूहळू शांतता. सहा वाजून बावन्न. शेवटचे दहा. सहा हजार एकशे वीस.

तिने आकडा लिहिला.

तेवढ्यात फाटकातून गाडी आली. दिव्यांचे दोन पांढरे झोत थेट झाडांवर चढले.

आणि झाडे फुटली. सातही झाडे एकदम. सहा हजार गळ्यांचा एक आक्रोश उठला, काळोखाच्या अंगावरून काळोख सोलून निघाला, आंधळे, भयचकित, दिशाहीन पंख एकमेकांवर आपटू लागले. पिसे पडली, काटक्या पडल्या. एक कावळा तारेवर आदळला आणि बायजाक्काच्या पायांशी येऊन पडला.

"दिवं बंद करा की वो!" बायजाक्का ओरडली. "मेलं बिचारं!"

झोत विझले. केळशीकर सर मफलर सावरत उतरले. निजलेल्या पाखरांवर कधीही प्रकाश टाकायचा नाही, हा पहिला नियम त्यांनीच घालून दिला होता.

"अगं शरयू, थंडीत कशाला उभी राहतेस अजून?" ते प्रेमाने म्हणाले. "बरं, हे एवढं बघ. समितीला लेखी हवंय, फोटो तूच काढलास म्हणून. एक ओळ लिही आणि सही कर. खोटं काहीच नाही त्यात."

"वेळ लिहायची का, सर?"

"वेळ कुणी विचारलीये?"

वर पंख अजून घोंगावत होते.

"हे बघ," सर हसले, "दहाव्याला पिंडाला शिवायला एक कावळा पुरतो. तुला सहा हजार कशाला हवेत?"

"ही झाडं गेली की एवढी पाखरं जायची कुठं, सायेब?" बायजाक्काने विचारले. पडलेला कावळा तिने पदरात घेतला होता.

"पंख आहेत त्यांना, अक्का. जातील कुठंतरी."

कुठंतरी. शरयूच्या कानात तो शब्द खिळ्यासारखा शिरला. ज्या माणसाने तिला फांदीची उंची फुटांत आणि वाऱ्याची दिशा अंशांत लिहायला लावली, त्याच्या तोंडी आता कुठंतरी. मनगटावर कधीकाळी पडलेली ती शिकवणारी पकड तिला आठवली, आणि ती आठवणही संतापाने दुखली.

सरांनी कागद गाडीच्या टपावर ठेवला, पेनाचे टोपण काढून दिले. तिने पेन घेतले, टोपण पुन्हा बसवले आणि कागदावर आडवे ठेवले.

वर काळोख परतू लागला होता. एक, मग एक, मग अनेक. भ्यालेले, दमलेले, तरीही याच फांद्यांकडे. दुसरे घर ठाऊक नसलेले ते सहा हजार जीव धूसर चांदण्यात चकरा घेत खाली येत होते, आणि नदीवरून गार वारा वाहत होता, आणि दोन महिने दाबून ठेवलेले ते वाक्य, तिलाही आश्चर्य वाटावे इतक्या शांत आवाजात, बाहेर आले.

"सर, उद्या सुनावणीला मी येणार आहे. हा फोटो दुपारी चारचा आहे, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं, हे मी तुमच्या समोर, तुमचं नाव घेऊन सांगणार आहे."