राखेखालची थुंकी

नर्सिंग कॉलेजला सुट्टी लागली म्हणून रिंकू नागभीडजवळच्या आपल्या गावी आली, तर परसात कुंपणाच्या कडेने राखेचे लहान लहान ढीग. घरात कोणी ओकलं की त्यावर चुलीची राख टाकायची, ही तिकडची जुनी रीत.

"तुह्या बाबाले पित्ताच्या उलट्या होऊन राह्यल्या," तिची माय गोकुळा म्हणाली. "बाकी काई नाई."

एक ढीग ताजा होता. रिंकूने काडीने राख सारली. खाली लालभडक रक्त, त्यात बारीक फेस.

दुपारी तिचा बाप उमाजी तळ्यावरून मासे धरून आला. खांद्यावरचं जाळं उतरवतानाच त्याला धाप लागली.

"बाबा, हे रक्त हाये."

"तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचा रंग असन."

"खर्रा त तुम्ही दिवाळीतच सोडला."

उमाजी ओट्यावर टेकला. "उलटीच म्हण न, पोरी. उलटी कोणालेबी होते. छातीचं म्हटलं त माह्या हातची मासोळी कोण घेईन?"

रिंकू त्याच्याजवळ बसली. "डॉक्टर लोकाईचे दोन शब्द हायेत. हिमॅटेमेसिस म्हणजे रक्त ओकणं. थे पोटातून येते, काळपट, चहाच्या चोथ्यावाणी. हिमॉप्टिसिस म्हणजे रक्त थुंकणं. थे छातीतून येते, लाल, फेसाचं."

"कोणाचे शब्द म्हणाचे हे?"

"जुन्या ग्रीक लोकाईचे. त्याईचा थुंकण्याचा शब्द, इंग्रजीतला स्पिट, अन् संस्कृतातलं ष्ठीवन, तिघाईचं मूळ एकच. व्हॉमिट अन् वमन तसेच, एका घरचे."

"म्हणजे साहेब लोकबी आपले सोयरेच निघाले!" उमाजी हसला. हसता हसता खोकला लागला, आणि तो थांबेना.

आतून गोकुळा धावत आली. मूठ राखेने भरलेली. रक्त पाहिल्याबरोबर रिंकूने गावच्या आशा सेविकेकडून थुंकी तपासायची प्लास्टिकची डबी आणून ठेवली होती, ती तिने पुढे केली.

"राख नको, माय. राखेखालचं कोण तपासन? टीबी असला तरी औषध वेळेत सुरू झालं त बरं होते."

उमाजीने बायकोच्या मुठीकडे पाहिलं, मग डबीकडे. डबी घेऊन तो परसात गेला, पाठमोरा झाला आणि खोलवरून खोकून तीत थुंकला. झाकण त्याने स्वतःच घट्ट लावलं.

"दवाखान्यात काय सांगशीन?"

"थुंकीतून रक्त पडते म्हणून."

उमाजी खांद्यावरच्या पंच्याने तोंड बांधत म्हणाला, "आजची मासोळी विकू नोको, गोकुळा. आपल्या पोराले, भूपेशले सांग, उद्यापासून जाळं थो टाकन."

गोकुळा चुलीपाशी गेली आणि मूठ तिथेच उघडली.