डबीतला उंदीर

आमच्या घरी पाहुणा आला की मी आधी पोहे भिजवायला घेते. घाई कशाचीच नसते, कारण आमचे हे त्याला तासभर तरी सोडणार नाहीत हे मला माहीत असतं. पाहुण्याच्या हातातला चहा निवून जातो, आणि आमचे रेणुकादासराव काचेच्या कपाटापुढं उभे राहून जपानी माणसाच्या कमरेबद्दल बोलून राहिलेले असतात.

"त्यांच्या अंगरख्याला खिसाच नव्हता! मग तंबाखू ठेवायची कुठं? तर बटव्यात. बटव्याची दोरी कमरपट्ट्याखालून वर घ्यायची आणि वरच्या टोकाला हे अडकवायचं. म्हणजे बटवा घसरत नाही. याला म्हणतात नेत्सुके!"

'हे' म्हणजे लिंबाहून लहान, लाकडात कोरलेलं जनावर. पाहुणा "अस्सं!" म्हणतो आणि स्वैपाकघराकडं आशेनं बघतो.

हे लातूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. इतर प्राध्यापक रिटायर झाल्यावर प्लॉटिंग करतात, नातवंडं सांभाळतात. यांनी जुन्या वस्तू सांभाळल्या. बिदरचा हुक्का आहे, तो कुणी ओढत नाही. चिनी तपकिरीच्या बाटल्या आहेत, त्यात तपकीर नाही. ब्रह्मदेशातली लाखेची पेटी आहे, तिच्यात मी एकदा कडीपत्ता ठेवला तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. आणि हे सगळं पुसायचं कुणी? मी. तेही कोरड्या फडक्यानं, फुंकर मारत.

त्यात यांचा जीव की प्राण म्हणजे जनावरांचा संच. जपानी लोकांत दर वर्षाला एक जनावर असतं म्हणे. बैल, वाघ, ससा असं करत बारा. यांच्याकडं अकरा होती. रांगेत उंदराचा नंबर पहिला, आणि नेमका उंदीरच नव्हता. तेवढी जागा यांनी मोकळी ठेवलेली. पुढचा दात पडल्यासारखं दिसायचं ते कपाट.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना माझं डोकं सटकलं. म्हटलं, "यापुढं या घरात एक जरी जनावर आलं, तर मी चालले मुदखेडला, माहेरी. मग खुशाल कपाटातल्या त्या माकडाच्या हातच्या भाकरी खा!" यांनी तिथल्या तिथं माहूरच्या देवीची शपथ घेतली. मीही येडी, विश्वास ठेवला.

मग संक्रांत आली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस. वाण म्हणून लुटायला मी गंजगोलाईच्या बाजारातून स्टीलच्या डब्या आणल्या. झाकणाच्या, छोट्या, कुंकू ठेवायला बऱ्या पडतील अशा. आमच्या घरच्या हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी परातीत सगळ्या रचून ठेवल्या आणि फुलं आणायला गेले. दुपारी शेजारची राजश्री मदतीला आली. तिनं यांना सरळ बाहेरचा रस्ता दाखवला. "काका, आता तुम्ही निघा. बायकांचा कार्यक्रम आहे." हे दारापर्यंत जायचे, परातीकडं बघायचे, परत यायचे. मला वाटलं तिळगुळावर डोळा आहे. दोन लाडू हातावर ठेवले आणि लावून दिलं.

बायका आल्या, नावं घेतली, डब्या घेऊन गेल्या. कार्यक्रम झाक झाला. संध्याकाळी हे आले ते चपला घालूनच परातीकडं धावले. दोन डब्या उरल्या होत्या. दोन्ही उघडून बघितल्या. परत उघडून बघितल्या. चेहरा असा पांढराफटक, की मी घाबरलेच.

"काय झालं? छातीत दुखतंय का?"

"विनीता, चिडू नकोस. तू फुलं आणायला गेलीस ना, तेव्हा हैदराबादहून कुरिअर आलं. तेवढ्यात गेट वाजलं. काही सुचेना. म्हणून एका डबीत…"

"एका डबीत काय?"

"उंदीर."

देवीची शपथ मोडली ती मोडली, वर लपवायला जागा कुठली शोधली या शहाण्यानं? वाणाची परात! काय करावं या माणसाला! आधी तोंडाला आलं ते सगळं बोलून घेतलं. मग बॅग काढली आणि दोन साड्या आत टाकल्या. तिसरी टाकताना बघितलं तर हे त्या मोकळ्या जागेपुढं गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसले होते. इतक्या वर्षांनी सापडलेला उंदीर अर्धा दिवससुद्धा घरात राहिला नव्हता. मला इतकी कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला.

"तू फक्त विचार ना गं सगळ्यांना," हे म्हणाले.

"काय विचारू? बाई, तुझी डबी दाखव, आमच्या यांचा उंदीर आत आहे का बघते? हळदीकुंकू लावून पदरात घातलेलं वाण परत मागतात का कधी? काही इज्जत आहे का नाही मला कॉलनीत?"

बॅग तशीच कोपऱ्यात ठेवली. मुदखेड काही पळून जात नव्हतं. आधी उंदीर.

मग सुरू झाली वरात. रथसप्तमीपर्यंत जिथून आवतण येईल तिथं मी हजर. हे स्कूटरवर सोडायचे आणि कोपऱ्यावर लिंबाखाली उभे राहायचे. मी आत जाऊन पाणी मागायच्या निमित्तानं स्वैपाकघर बघायची, नमस्काराच्या निमित्तानं देवघर. एकीच्या घरी तर टीव्हीखाली वाकून बघितलं. "काकू, काही सांडलं का?" म्हणाली बिचारी. बाहेर आले की हे पळत यायचे. मी मान हलवायची आणि यांच्या हातात साबणाची पेटी नाही तर चहाची गाळणी द्यायची. घरात गाळण्यांचा ढीग झाला. आणि कॉलनीत चर्चा काय? "विनीताकाकूंचे मिस्टर बघा, या वयातसुद्धा बायकोची वाट बघत उभे असतात!" दोन-तीन घरांत तर नवऱ्यांना यावरून बोलणी बसली.

रथसप्तमी झाली. उंदीर काही दिसला नाही. पाहुणा आला तरी कपाटापाशी नेईनात. मला ते बोलणं नको असायचं, आता ते नसलेलं सोसेना.

एका दुपारी राजश्री आली. खाली मान, डोळे भरलेले.

"काकू, रागावणार नाही ना? तुमची डबी मी न उघडताच मुरुडला दिली. आमच्या ह्यांच्या मावशींना, वाण म्हणून."

आता यात रडण्यासारखं काय होतं? एकीचं वाण दुसरीकडं ढकलायचं हे कोण करत नाही? माझ्याकडची एक चाळणी तर चार घरं फिरून माझ्याकडंच परत आली आहे.

"तसं नाही काकू. मावशींचा फोन आला होता. डबीत इतका सुंदर कोरलेला उंदीर होता! एवढ्या बायकांत तुम्ही तो माझ्याच डबीत ठेवलात. इतकी माया कोण करतं? आणि मी मेली उघडून पण बघितलं नाही!" आणि माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडायला लागली.

आता हिला काय सांगू? मी तिची पाठ थोपटली. आतल्या खोलीत हे कान लावून उभे होते, त्यांचा खोकला ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी आम्ही लातूरजवळच्या त्या मुरुडला. स्कूटरवर मी यांना बजावत होते, "मागायचं नाही बरं का. नुसतं बघायचं."

मावशी, म्हणजे गुणाबाई, ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेजारी बाजेवर त्यांचे मालक दगडोबा आडवे झालेले.

"या बाई, बसा. तुमीच का उंदीरवाल्या?"

मी मान डोलावली. दुसरं करणार काय?

"लई गुणाचा हाय बघा," म्हणत त्या उठल्या. "माझी चंची हो, पान-तंबाखूची. कमरंला खोचली की वाकताना पडायची. खुरपताना किती डाव हुडकली आसंल! ह्येच्या पोटाला दोन भोकं दिसली. म्हनलं, भोकं हायती तर दोरी घालावी. आता बघा."

त्या खाली वाकल्या, जमिनीला हात लावला, सरळ झाल्या. चंची कमरेला लोंबत होती. दोरी लुगड्याच्या वेढ्याखालून वर आलेली, आणि वर, कमरेवर, शेपटी पोटाशी घेऊन उंदीर बसलेला. घट्ट. तसूभर हलला नाही.

यांचा आ वासलेला. इतकी वर्षं हे पाहुण्यांना सांगत आले, पण कुणाच्या कमरेला नेत्सुके यांनी स्वतः तरी कधी बघितलं होतं?

"मावशी, जरा हातात घेऊ का?"

"घ्या की. पन तंबाखू सांडू नगा."

यांनी तळहातावर उंदीर घेतला. त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. उलटा करून पोटाची भोकं बघितली, सुलटा केला, पण परत द्यायचं काही नाव नाही. बजावणारी मी, पण माझ्याच तोंडून गेलं, "मावशी, एक विचारू का…"

यांनी माझा हात दाबला.

"विचारायचं म्हणजे, दोरी जरा रखरखीत आहे मावशी. भोकाची कड झिजेल. मी रेशमाची आणून देतो."

"आना बापा," गुणाबाई म्हणाल्या आणि चंची परत कमरेला खोचली. वर ओंजळभर शेंगा माझ्या पदरात घातल्या.

घरी आल्या आल्या हे कपाटापुढं जाऊन उभे राहिले. मला राहवेना. चहा देताना म्हटलं, "त्या हैदराबादवाल्याला विचारा की. दुसरा असेल एखादा. मी काही म्हणणार नाही."

"दुसरा कशाला?" हे म्हणाले. "संच पूर्ण आहे आपला."

संध्याकाळी कपाट पुसायला गेले. मोकळ्या जागेवर यांच्या वळणदार अक्षरातलं कार्ड होतं: 'उंदीर. जपान. हल्ली मुरुड. कामावर आहे.'

मी तिथंच फडकं डोळ्याला लावलं. कोरडंच होतं ते, म्हणून बरं.

आता पाहुणा आला की व्याख्यान दुप्पट लांबतं. जपानी माणसाची कमर संपली की गुणाबाईंची सुरू होते. दर महिन्याला दोरी तपासायला मुरुडला जायचं असतं, आणि भाकरी-पिठल्याचा डबा घेऊन मागच्या सीटवर मी असते. बॅग अजून कोपऱ्यात आहे, दोन साड्यांसकट. मुदखेडला जायला सवडच मिळेना.