पोचा गेलेला पेला

मी पितळेचा पेला. घरात माझं ऐकणारं कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. सत्यवतीबाईंच्या लग्नात आहेर म्हणून आलो. त्यांचा थोरला गुंडो सात वर्षांचा असताना त्याच्या हातून उंबऱ्यावर पडलो आणि काठाखाली चांगला अंगठ्याएवढा पोचा आला. बाई ओरडल्या. गुंडोने मात्र मला उचललं, पोच्यात अंगठा ठेवला, आणि तो कायमचा माझा झाला.

तेव्हापासून त्याची सकाळची कॉफी माझ्यातच. "स्वल्प थांब, गरम आहे," बाई अर्ध्या कानडीत म्हणायच्या. गुंडोही तेच म्हणायचा, अगदी त्यांच्याच आवाजात. एरवी दिवसभरात चार शब्द बोलत नसे. लोक वेडा म्हणत. मेले लोक! तिशीच्या माणसाने दारातल्या चपला ओळीने मांडल्या तर कुणाचं काय जातं? अंगठा पोच्यात बसला की कॉफी, मग आंघोळ, मग जेवण. त्याचा सगळा दिवस माझ्यापासून सुरू व्हायचा.

बासष्ट साली बाई गेल्या. तेराव्यानंतर धाकट्या हयवदनाने घरातली भांडी कल्हईला काढली. राजाजीनगरच्या घरासमोर पिराजी कल्हईवाल्याने भट्टी मांडली.

"पोचा काढू का, साहेब?"

"सरी, बरं, काढ. अण्णाचा पेला आहे, अगदी नव्यासारखा कर." हयवदन डोळे पुसत म्हणाला. मायेनेच केलं त्याने. पिराजीच्या चार ठोक्यांत मी गुळगुळीत झालो.

सकाळी गुंडोने मला धरलं. अंगठा काठाखाली फिरला, पुन्हा फिरला. अरे, मीच आहे! पण पेल्याला कुठला आवाज? त्याने मला खाली ठेवलं.

"आईचा पेला आण."

"हाच तो, अण्णा. देवाशप्पथ हाच."

"आईचा पेला आण."

तीन दिवस झाले. नळाखाली ओंजळ धरून पाणी तेवढं पितो. कॉफी नाही, आंघोळ नाही, पोटात घास नाही. आज हयवदनाने मला उचललं आणि उंबऱ्यावर दाणकन आपटलं. पोचा आला, पण बुडाशी. गुंडोने अंगठा लावून पाहिला आणि मला परत त्याच्या हातात दिलं.

आता हयवदन उंबऱ्यात बसून रडतोय.

अरे हयवदना, रडू नकोस. ऊठ. आणखी एकदा आपट मला, जरा वर, काठाखाली. मला दुखत नाही रे.